पाणी पाचर मारत नाही, बंध तोडतं

ताणाखालच्या काचेतली बारीक फट ओलाव्यात का वाढते, तर फटीत पाणी शिरतं आणि पाचरीसारखं काच फाकवतं, असं कुणी म्हटलं तर ते तितकंसं पटत नाही, कारण मग कुठल्याही द्रवाने तेच व्हायला हवं आणि तसं होत नाही. तिथे चालते ती चक्क केमिस्ट्री. काचेत सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी असते, फटीच्या अगदी टोकाला हा बंध जबरदस्त ताणलेला असतो, पाण्याचा एक रेणू तिथे पोचला की आपला हायड्रोजन त्या ऑक्सिजनला देतो, स्वतःचा ऑक्सिजन सिलिकॉनला चिकटवतो, की बंध तुटला, दोन्हीकडे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) लागले आणि फट एक घर पुढे सरकली. ताण नसेल तर हीच रिॲक्शन इतकी मंद असते की पाण्याचा ग्लास वर्षानुवर्षं शाबूत राहतो.

याचा झकास पुरावा म्हणजे १९८२ साली मिकाल्स्की आणि फ्रायमन या संशोधकांनी मांडलेला मुद्दा, की अमोनियानेही फट अशीच वाढते, म्हणजे पाणीच लागतं असं नाही, एका टोकाने इलेक्ट्रॉनची जोडी आणि दुसऱ्याने प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक) देणारा छोटा रेणू असला की झालं. आणि हे व्हायला काच भिजायला पण लागत नाही बरं का, वीडरहॉर्न या संशोधकाच्या १९६७ च्या प्रयोगात काचेभोवतीच्या नायट्रोजन वायूतली सापेक्ष आर्द्रता जेमतेम ०.०१७ टक्के असतानाही वाफेचा परिणाम दिसला होता! उलट लिक्विड नायट्रोजनच्या तापमानाला ही रिॲक्शन जवळपास थांबते, म्हणून तिथे तीच काच कितीतरी जास्त भार झेलते.