कारगिलवरच्या लघुपटात कुणाच्या हातात कोणती रायफल द्यावी?

मुरमाड_फ्रेम:
नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरातली इंजिनिअरिंगची पोरं मिळून वीस मिनिटांचा लघुपट करतोय. गोष्ट जून १९९९ ची. मोहोळ तालुक्यातला एक जवान, त्याची सेक्शन म्हणजे छोटी तुकडी आणि एका रात्रीत चढून घ्यायची चौकी. नाव-गाव सगळं काल्पनिक आहे, पण हत्यारं काल्पनिक वाटू नयेत अशी माझी फार इच्छा आहे. ग्रुपमधल्या बाकीच्यांचं म्हणणं, सगळ्यांना एके-४७ देऊन टाक, प्रेक्षकांना तेवढंच कळतं. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरचं माणूस तिथं होतं असे लोकही हे बघणार आहेत.

तर विचारायचं असं की आपल्या जवानांकडे तेव्हा काय होतं, समोरच्यांकडे काय होतं आणि कॅमेऱ्यात काय चुकलं की जाणकाराला लगेच खटकतं? डमी बंदुका गड्ड्याच्या जत्रेतून घ्याव्यात की बनवून घ्याव्यात, हेही सांगा.

अक्कलकोट_रोडचा_पक्या:
सिग ७१६ दे भावा. स्क्रीनवर लई भारी दिसते, दुर्बीण-बिर्बीण लावलेली. हल्ली आर्मीकडं तीच हाय.

निवृत्त_आर्मरर:
पोरा, प्रश्न मनापासून विचारलास म्हणून सविस्तर लिहितो. मी ई.एम.ई.मध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती विभागात, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो, आता विजापूर रोडला असतो. सगळी नोकरी पलटणींच्या कोतमधली (शस्त्रागारातली) हत्यारं उघडण्यात आणि जोडण्यात गेली. त्यामुळे पडद्यावर रायफल दिसली की माझी नजर नटाच्या चेहऱ्याआधी त्याच्या ट्रिगरवरच्या बोटाकडे जाते.

सिग ७१६ आधी डोक्यातून काढ. तिचा करार २०१९ चा आहे. एके-२०३ तर त्याच्याही नंतरची, अमेठीजवळ कोरव्याला बनते. आणि गणवेशाचंही तेच. बारीक चौकोनी छापाचा जो नवा गणवेश २०२२ च्या सैन्यदिनाला पहिल्यांदा दिसला, तो १९९९ च्या जवानाच्या अंगावर घालू नकोस. बाजारात सध्या तसलंच कापड जास्त मिळतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

१९९९ हे बदलाचं साल होतं. जुनी एसएलआर रायफल जात होती आणि इन्सास रायफल येत होती. तुझ्या मोहोळच्या पोराच्या हातात इन्सास दे. ५.५६ मिलिमीटरची गोळी, २० राउंडचं (काडतुसांचं) मॅगझिन. ते मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं असतं, आतली पितळी राउंडं बाहेरून दिसतात. ही गोष्ट तुला कॅमेऱ्यात वापरता येईल. हल्ल्याच्या आधी पोरगा मॅगझिन चंद्राच्या उजेडात धरतो आणि किती उरलीत ते बघतो, एवढ्यात प्रेक्षकाला सगळं कळतं, संवाद लागत नाही. त्या उंचीवरच्या थंडीत या मॅगझिनना तडे जायचे, अशा तक्रारी तेव्हा आल्या होत्या. तडा गेलेलं मॅगझिन पट्टीनं गुंडाळून वापरणारा एक जवान दाखव.

आता जे सगळ्यात जास्त खटकतं ते. इन्सास रायफल नळासारखी सोडता येत नाही. एक-एक राउंड जातं किंवा तीनाचा बर्स्ट जातो. तीन झाले की बोट सोडून परत दाबावं लागतं. सिनेमात नट बोट दाबून धरतो आणि रायफल धडधडत राहते. तुझ्या साउंडवाल्याला आत्ताच सांगून ठेव, टक-टक-टक आणि खंड. त्या खंडातच माणूस दिसतो. तो श्वास घेतो, जागा बदलतो, शेजाऱ्याला हाक मारतो.

एके-४७ अजिबात नको असं मी म्हणत नाही. काश्मीरमधल्या कामासाठी १९९० च्या दशकात पूर्व युरोपातून एके-जातीच्या रायफली आपल्याकडे आल्या होत्या आणि जवानांचा त्यांच्यावर जीव होता. एखाद-दुसऱ्याला दे. पण हिशोब सांभाळ. ३० राउंडचं मॅगझिन आणि मिनिटाला साधारण ६०० चा वेग. बोट दाबून धरलंस तर ३ सेकंदांत हत्यार रिकामं. आणि एकेचा चेंज लिव्हर, म्हणजे माऱ्याचा प्रकार बदलायचा खटका, उजव्या बाजूला असतो: वर सेफ, मध्ये ऑटो, सगळ्यात खाली सिंगल. घाबरलेला माणूस जोरात खटका मारतो तेव्हा तो थेट खाली सिंगलवर जातो. हे तुझ्या नटाला हातानं करून दाखवता आलं पाहिजे.

सेक्शन दहा जणांची धर. सगळ्यांना एकच हत्यार नसतं, कारण सगळ्यांचं काम एक नसतं. कोण काय धरतो ते त्याच्या कामावरून ठरव, चेहऱ्यावरून नको. एलएमजीवाल्याबरोबर (हलकी मशीनगन चालवणाऱ्याबरोबर) त्याचा नंबर दोन असतो, मॅगझिन वाहणारा आणि बदलून देणारा. ही जोडी आहे, तिला एकाच फ्रेममध्ये ठेव. लांबून, खालच्या बाजूनं आधार देणारी एमएमजी (मध्यम मशीनगन) काडतुसांच्या बेल्टवर चालते. तिच्याकडून ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळ्या) दाखवलेस तर रात्रीच्या दृश्यात दिशा कळेल. ड्रॅगुनोव्ह या स्नायपर रायफलवाला दाखवलास तर १० च राउंडचं मॅगझिन, हे विसरू नकोस.

बंकरवर ८४ एमएम आरएल (खांद्यावरचा रॉकेट लाँचर) मारायची असेल तर फार काळजी घे. तिचा धक्का खांद्याला कमी बसतो, कारण ज्वाळा मागच्या बाजूनं सुटते. मी बघितलेल्या कितीतरी दृश्यांत मागे साथीदार आरामात बसलेला असतो. खरं असतं तर तो जागच्या जागी भाजला असता. भरणारा नंबर दोन बाजूला असतो आणि मारण्याआधी मागचं मोकळं आहे ना ते बघून ओरडून सांगतो. आणि हातगोळ्याची पिन दातानं ओढायला लावू नकोस. दात जाईल, पिन यायची नाही.

समोर पाकिस्तानची नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्री होती. त्यांच्याकडे जी-थ्री, ७.६२ ची, २० राउंडचं सरळ मॅगझिन, कॉकिंग हँडल पुढे नळीच्या डाव्या अंगाला. चिनी बनावटीच्या एके-जातीच्या रायफली आणि वरून खाली मारा करणाऱ्या मशीनगनही होत्या. जी-थ्रीची एक खूण आम्हा आर्मरर लोकांना पक्की माहीत. तिच्या चेंबरमध्ये उभ्या खाचा असतात, त्यामुळे बाहेर पडलेल्या रिकाम्या खोक्यावर, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीवर, काजळीच्या काळ्या रेघा उठतात. चौकी हातात आल्यावर तुझ्या जवानानं जमिनीवरचं एक खोकं उचलून अंगठ्यानं त्या रेघा पुसून बघितल्या तर ज्याला कळायचं त्याला कळेल. खोकी खोटी बनवता येतात, मार्करनं रेघा मार.

आणि हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात जातं, हेही दाखव. ४ जुलै १९९९ ला पॉइंट ४८७५ च्या फ्लॅट टॉपवर रायफलमन संजय कुमार जखमी असताना बंकरवर धावून गेले. शत्रू मशीनगन टाकून पळाला, तेव्हा तीच गन उचलून त्यांनी पळणाऱ्यांवर चालवली. परमवीर चक्र मिळालं त्यांना. त्यांची नक्कल करू नकोस, पण दहा जण आहे तीच रायफल धरून शेवटपर्यंत जातात असंही लिहू नकोस.

मुरमाड_फ्रेम:
काका, किती उपकार मानू? खोक्यावरच्या रेघांचा शॉट पटकथेत घातला. एक विचारू का? लांबून येणाऱ्या गोळीचा आवाज कसा असतो? आमच्या साउंडवाल्यानं नेटवरचा 'सुंईऽऽ' आवाज घेऊन ठेवलाय.

निवृत्त_आर्मरर:
तो टाकून दे. अंगावरून जाणारी गोळी चाबकासारखी कडाडते, कारण ती आवाजापेक्षा वेगानं जाते. रायफलीचा स्वतःचा आवाज मागून येतो, 'धप्' असा. ४०० मीटरवरून मारली असेल तर दोन्हींत अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त अंतर पडतं. मुरलेला जवान त्या अंतरावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. म्हणून आधी दगडावर कडाका, मग धप्, आणि मग तुझा सेक्शन कमांडर एका दिशेला बोट करतो. हा क्रम धर. कमांडरला एक शब्दही बोलायला लावू नकोस.

नेपथ्य_ताई:
काकांनी हत्यारांचं सांगितलं, मी डमीचं सांगते. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कित्येक नाटकांसाठी मी बंदुका, तलवारी, दिवे बनवलेत.

गड्ड्यातली खेळणी घेऊ नकोस. हलकी असतात, आणि हलकेपणा हातात लगेच दिसतो. खरी इन्सास चार किलोच्या वर भरते. सुताराकडून लाकडी आकार कापून घे, नळीसाठी लोखंडी पाइप वापर, बटमध्ये पोकळी करून सळईचा तुकडा बसव. वजन चार किलोपर्यंत आण आणि तालमीच्या पहिल्या दिवसापासून तीच नटांच्या गळ्यात ठेव. संध्याकाळपर्यंत खांदे आपोआप खाली येतात, ते अभिनयानं जमत नाही. रंग काळा मॅट लाव, तो वाळला की पेन्सिलच्या शिशाची पूड कापडानं घास. कडांवर जास्त घास, जिथं हात लागून लागून झिजलेलं असतं तिथं. लोखंड दिसायला लागतं. जवळच्या शॉटसाठी एक-दोनच नीट बनव, मागच्यांना फोमची चालतील.

जागेबद्दल. आपल्याकडचा काळा पाषाण कारगिलचा वाटत नाही, तिथला डोंगर फिका, भुरकट. मुरमाच्या जुन्या खाणी बघ किंवा तुळजापूर घाटातला उघडा उतार. नान्नजच्या बाजूला जाऊ नकोस, ते माळढोकचं अभयारण्य आहे, तिथं आवाज आणि गर्दी नको. शूटिंग डिसेंबरात पहाटे कर. एप्रिलमध्ये सोलापुरात जाड कोट घालून पोरं चढवलीस तर एखाद्याला उन्हाचा त्रास होईल. आणि जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वराची यात्रा असते, तेव्हा पोलिसांना यात्रेच्या बंदोबस्तातून तुझ्याकडे बघायला वेळ नसतो. परवानगीचं काम त्याआधी उरक.

अक्कलकोट_रोडचा_पक्या:
ताई, माझ्या मामाकडं परवान्याची बारा बोअर हाय. दोन ब्लँक मारल्या तर आवाज आन् ज्वाळा खरी येईल की.

निवृत्त_आर्मरर:
पक्या, नाही. हे मी कडक शब्दांत सांगतोय. खरं हत्यार सेटवर येणारच नाही, रिकामं असलं तरी नाही.

ब्लँकमध्ये गोळी नसते, पण दारू असते, आणि जवळून ती माणूस मारते. १९९३ साली अमेरिकेत ब्रँडन ली हा नट सेटवर असाच गेला. आधीच्या शॉटमधल्या नकली राउंडाची टोपी (पुढची गोळी) नळीत अडकून राहिली होती, नंतर त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरली आणि तिनं ती टोपी बाहेर फेकली. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत एका सिनेमाच्या सेटवर रिव्हॉल्वरमध्ये खरी गोळी निघाली आणि कॅमेरा बघणाऱ्या हलिना हचिन्स गेल्या. ती मोठ्या पैशांची, जाणकार माणसं ठेवलेली कामं होती. मामाचा परवाना मामासाठी आहे, तुझ्या सिनेमासाठी नाही. आणि ज्या रायफली ह्या गोष्टीत आहेत त्यातल्या स्वयंचलित तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात प्रतिबंधितच आहेत, त्या कुणाकडे मागायलाही जाऊ नका.

ज्वाळा एडिटिंगमध्ये टाका. एका राउंडाला एकच फ्रेम, दुसऱ्या फ्रेमला गायब. रात्रीच्या दृश्यात त्याच फ्रेमला चेहऱ्यावर थोडा पिवळा उजेड वाढवा, लोकांचा विश्वास बसतो. पोरा, शूटिंगच्या आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे: तारीख, जागा, किती जण गणवेशात असतील, किती डमी आहेत, सोबत डमीचे फोटो. गणवेशातली पोरं आणि काळ्या रायफली बघून रस्त्यावरचा माणूस घाबरू शकतो. सेटवरून निघताना डमी गोणपाटात बांधून गाडीच्या डिकीत टाका, मोटरसायकलवर खांद्याला अडकवून सात रस्त्यावरून कुणी जायचं नाही.

तालमीला बोलव, मी येतो. मॅगझिन बदलणं, लोळून पोझिशन घेणं आणि बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवणं, तिन्ही बसेपर्यंत करून घेऊ. येताना डमी घेऊन ये, आधी वजन बघतो.

मुरमाड_फ्रेम:
काका, रविवारी सकाळी सातला चालेल का? आठ जण असतील. सुतार शुक्रवारी दोन डमी देतो म्हणालाय.

निवृत्त_आर्मरर:
चालेल. सगळ्यांना बूट घालून यायला सांग, चपला नकोत.