शेजाऱ्यांसमोर साक्ष द्यायची आहे, भाषा कोणती वापरावी?

नेवासेकर_तरुण
सलाम सर्वांना. नाताळच्या आदल्या रविवारी आमच्या घरी प्रार्थनासभा आहे. यंदा मंडळीतल्या कुटुंबांखेरीज गल्लीतले ८-१० शेजारीही येणार आहेत. सगळे हिंदू, त्यातली दोन घरं वारकरी. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) मला ५ मिनिटं साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, सांगितलंय. सुरुवात अशी लिहिलीय:

"मी पापात मेलेला होतो. कोकऱ्याच्या रक्ताने मला धुतलं, माझं तारण झालं, पुनर्जन्म मिळाला. आज मी देवाच्या वचनात चालतो."

शेवटी, ख्रिस्ताला स्वीकारायची इच्छा असेल त्यांना हात वर करायला सांगावं का?

जुनी_पोथी
दादा, तुमच्या लिखाणात निदान पाच शब्द असे आहेत की ऐकणारा भलतंच समजेल. 'तारण' म्हटलं की पतसंस्थेतलं सोनेतारण आठवतं. 'पुनर्जन्म' म्हणजे मेल्यानंतरचा पुढचा जन्म. तुम्ही जिवंतपणी तो मिळाला म्हणताय, समोरचा गोंधळणारच. 'वचन' म्हणजे दिलेला शब्द, तुम्हाला म्हणायचंय बायबल. 'मंडळी' म्हणजे जमलेले लोक, चर्च नव्हे. आणि कोकऱ्याचं रक्त? यज्ञ, पशुबळी यांची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय ते अंगावर येतं, माळकरी घरात तर जास्तच.

हे शब्द चुकीचे नाहीत, फक्त आपल्या घरातले आहेत. 'तारण झालं'ऐवजी 'देवाने मला सोडवलं' म्हणा, आणि कशातून ते लगेच सांगा. 'पापात मेलेला' हे कोणाच्याही बाबतीत म्हणता येतं, त्यातून काहीच दिसत नाही. 'बांधावरून भांडण झालं, सहा वर्षं चुलत्यांच्या घरचं पाणी प्यायलो नाही' असं म्हटलं की गल्लीतल्या प्रत्येकाला कळतं. हे फक्त उदाहरण. तुमच्या आयुष्यात खरं असेल तेच बोला.

सभेचा_हिशेबनीस
मांडणीसाठी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय २६ उघडा. अग्रिप्पा राजापुढे प्रेषित पौल आपली साक्ष देतो. ओवी (श्लोक) ४ ते ११ आधीचं आयुष्य, १२ ते १८ दिमिष्काच्या वाटेवर झालेलं ख्रिस्ताचं दर्शन, १९ ते २३ नंतरचं. म्हणजे ८, ७ आणि ५ ओव्या. आपल्याकडे प्रमाण बिघडतं ते पहिल्या भागात: दारू, जुगार, मारामारी यांचं वर्णन रंगत जातं आणि ख्रिस्ताला शेवटची अर्धी मिनिट उरते.

सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. ५ मिनिटांसाठी ४०० शब्दच लिहा, बाकीचा वेळ थांबण्यात आणि आवंढा गिळण्यात जातो. घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा. सभेत मात्र कागद नको, कार्डावर चार-पाच शब्द पुरेत.

हात वर करायला सांगू नका. पाहुणा यजमानाच्या भिडेने हात वर करतो आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला टाळतो. पौलालाही रोमी सुभेदार फेस्ताने मध्येच 'तुला वेड लागलंय' म्हणून सुनावलं आणि अग्रिप्पाने विषय टोलवला, हेही ध्यानात असू द्या.

वसईची_माहेरवाशीण
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे अशी उभं राहून साक्ष देण्याची पद्धत कमी. पण पोप पॉल सहावे यांनी १९७५ च्या पत्रात म्हटलंय की आधी शब्दांविना दिलेली साक्ष असते, माणसं शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं अधिक ऐकतात. शेजाऱ्याचं आजारपण, मयत, पाण्याचा टँकर अशा वेळी तुम्ही वर्षभर दिसला नसाल, तर त्या ५ मिनिटांना वजन येणार नाही.

त्या दिवसाचंही बघा. सभा किती वेळ चालणार ते बोलावतानाच सांगा. साक्ष होणार आहे हेही सांगा. 'नुसता फराळ' म्हणून बोलावून भाषण ऐकवणं म्हणजे फसवणूक. दानाची पिशवी फिरणार असेल तर पाहुण्यांपुढे नेऊ नका. माळकऱ्यांसाठी शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत करा, केकमध्ये अंडं असेल तर सांगा. आणि त्या दिवशी ब्लँकेट, वह्या, काहीही वाटायचं नाही. मदत वेगळी, आमंत्रण वेगळं.

कलम_पंचवीस
वरच्या शेवटच्या मुद्द्याला कायद्याचीही बाजू आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे, पण तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्याच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. म्हणून जे तुमच्या बाबतीत घडलं तेवढंच सांगा. 'तुम्हीही या, धंदा सुधारेल' हे आमिष ठरू शकतं. आजार बरा झाल्याची साक्ष असेल तर उपचारांचाही उल्लेख करा, 'गोळ्या सोडल्या' असं चुकूनही नको. ऐकणाऱ्यांत कोणीतरी मधुमेहाचा असतोच.

जुनी_पोथी
वारकरी आहेत म्हणून एक राहिलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग 'उपासना संगीता'त, म्हणजे आपल्या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात, आहेत. सुरुवातीला त्यातलाच एक पेटी-टाळांवर घ्या. चाल ओळखीची असली की ते टाळ धरतात. टिळकांनी तुकोबांचं ऋण मोकळेपणी मानलं होतं. विठोबा, मूर्ती, उपास यांवर एक शब्दही नको. बायबलमध्ये योहान ९ मधल्या, येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्याला अडचणीचे प्रश्न आले, तेव्हा 'मला ठाऊक नाही' म्हणून तो मोकळा झाला. आपण आंधळे होतो आणि आता दिसतं, एवढं मात्र त्याने सोडलं नाही.

नेवासेकर_तरुण
आभारी आहे. तीनही वाक्यं खोडली. शेवट असा केलाय: "हे माझ्या बाबतीत झालं. कोणाला काही विचारायचं असेल तर मी घरीच असतो." चालेल?

सभेचा_हिशेबनीस
चालेल. त्यानंतर लगेच चहा आणा, पाळकसाहेबांना पुन्हा उपदेश सुरू करू देऊ नका.