मदत हवी आहे: हिरव्या अर्ध्या आण्यावरचा पुसट ओव्हरप्रिंट

व्हिक्टोरिया राणीचं 1882 नंतरचं अर्ध्या आण्याचं वापरलेलं तिकीट आहे. राणीच्या चेहऱ्याखाली काळ्या शाईची आडवी रेघ दिसते, तिच्याखाली दोन उभे फराटे. ग्वाल्हेर संस्थानासाठी अशा तिकिटांवर संस्थानाचं नाव नंतर वेगळं छापत, तोच ओव्हरप्रिंट. मग ही त्यातल्या नागरी 'ग्वालियर'ची शिरोरेषा की टपालशिक्क्याची पट्टी? 1200 डीपीआयला स्कॅन करून स्कॅनच्या लाल-हिरवा-निळा या थरांपैकी फक्त हिरवा चॅनल ठेवला. हिरवा रंग फिका झाला, पण शिक्का आणि ओव्हरप्रिंट दोन्ही काळे, त्यामुळे गुंता तसाच राहिला. तिरक्या उजेडात मागून छपाईच्या दाबाचा उठाव दिसतो का ते पाहिलं. पण जुन्या बिजागरीने (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीने) नेमकी तीच जागा झाकली आहे. ती भिजवून काढायची भीती वाटते, शाई पसरली तर पुरावाच गेला. रेघ साधारण 13 मिमी भरते. ग्वाल्हेरच्या नागरी ओळीची 13 आणि 15 मिमी अशी दोन्ही मापं आढळतात, म्हणून आशा आहे. इन्फ्रारेडमध्ये या दोन शाया वेगळ्या दिसतात का? कुणाकडे खात्रीच्या ग्वाल्हेर ओव्हरप्रिंटच्या तिकिटाचा स्कॅन असेल तर कृपया टाका.