एनपीएमवर चालत होतं, पीएनपीएमवर 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल' येतंय

रात्रपाळी_डेव्ह: मंडळी, मदत करा. नोडचा (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा) जुना प्रोजेक्ट आहे, दोन वर्षं एनपीएमवर (पॅकेजेस, म्हणजे इतरांचा तयार कोड, इन्स्टॉल करणारं टूल) बिनतक्रार चालला, काल डिस्कची जागा वाचावी म्हणून पीएनपीएम या तशाच दुसऱ्या टूलवर नेला तर सर्व्हर उठतच नाही, 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल क्यूएस' म्हणतो, म्हणजे यूआरएलमधली क्वेरी वाचणारं क्यूएस पॅकेज त्याला सापडत नाही. कोडची एक ओळ बदललेली नाही. पॅकेज जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, क्यूएस खरंच नाहीये, मग इतके दिवस येत कुठून होतं? पीएनपीएमचं शेमफुली-होइस्ट सेटिंग (सगळी पॅकेजेस वरच्या फोल्डरात आणणारं) ट्रू केलं की चालतंय, तसंच ठेवू का?

टर्मिनलवाला: एक्सप्रेस हे वेब फ्रेमवर्क वापरताय ना? क्यूएस ही एक्सप्रेसची डिपेन्डन्सी आहे, म्हणजे एक्सप्रेसला लागणारं पॅकेज, तिथूनच येत होतं. एनपीएम २ पर्यंत प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याची पॅकेजेस असायची, विंडोजवर पाथ इतके लांबायचे की फोल्डर डिलीट होईना. २०१५ मध्ये एनपीएम ३ ने जमेल तेवढं सगळं वरच्या एकाच फोल्डरात आणून सपाट केलं, त्यामुळे तुम्ही न मागितलेलं क्यूएसही वर येऊन बसलं आणि नोडला ते सापडायला लागलं. पीएनपीएम वरती फक्त तुम्ही लिहिलेल्या पॅकेजच्या सिमलिंक (शॉर्टकटसारखे दुवे) ठेवतं, बाकी सगळं डॉट पीएनपीएम फोल्डरात. यादीत न लिहिता वापरलेल्या अशा पॅकेजला फँटम डिपेन्डन्सी म्हणतात.

शेमफुली-होइस्ट नका ठेवू, पुन्हा तोच सपाट ढीग होतो. जुन्या लॉकफाइलमध्ये (इन्स्टॉल झालेल्या नेमक्या व्हर्जन्सची नोंद) क्यूएसची कुठली व्हर्जन आहे ते बघा आणि नेमकी तीच ॲड करा, लेटेस्ट नको, नाहीतर क्वेरीतले ॲरे वेगळे पार्स झाले तर शोधत बसाल.

कोल्हापुरी_कोडर: भावा, हे मनावर घे, आमचं लाइव्ह यानंच पडलं होतं. लोडॅश हे पॅकेज यादीत लिहिलेलंच नव्हतं, एका टेस्टिंगच्या पॅकेजमागून येत होतं, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सगळं हिरवंगार आणि लाइव्हवर डेव्ह डिपेन्डन्सी (फक्त डेव्हलपमेंटला लागणारी पॅकेजेस) वगळून इन्स्टॉल झाल्यावर लोडॅश गायब, रात्री अडीचला कळलं. तेव्हापासून कोड तपासणाऱ्या ईएसलिंटच्या इम्पोर्ट प्लगिनचा नो-एक्स्ट्रेनियस-डिपेन्डन्सीज रूल लावलाय, न लिहिलेलं इम्पोर्ट केलं की लगेच लाल.

रात्रपाळी_डेव्ह: क्यूएस ॲड केलं, सर्व्हर उठला, खूप आभार! रूल लावला तर अजून दोन सापडली, बॉडी-पार्सर आणि डीबग, दोन्ही एक्सप्रेसचीच. पण दुसऱ्याच्याच पॅकेजने डिपेन्डन्सी लिहिली नसेल तर?

टर्मिनलवाला: त्याला पीएनपीएममध्ये पॅकेज-एक्स्टेन्शन्स सेटिंग आहे, त्या पॅकेजच्या नावाखाली राहिलेली डिपेन्डन्सी आपण जोडायची. यार्न या तशाच टूलमध्येही आहे. आणि त्यांच्या रिपोवर इश्यू नक्की टाका, एका ओळीचा फिक्स असतो.