कायदे खासदारांनी करायचे की 'ट्राय'ने?

कायदेभीरू
'ट्राय (दूरसंचार), सेबी (शेअर बाजार), वीज आयोग (वीजदर) या नियामकांना नियम करायचा अधिकार देणं म्हणजे संसदेने कोऱ्या कागदावर सही करून देणं,' असं काल एकाने लिहिलं आणि त्यावर वाहवा! राहवलं नाही. 1951 सालीच 'दिल्ली लॉज अ‍ॅक्ट' (दिल्ली कायदे) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय (सात न्यायमूर्ती, सात निकालपत्रं, पण गाभा एकच): धोरण कायदेमंडळाने ठरवायचं, तपशील दुसऱ्याने भरला तर चालेल. दर ठरवताना वीजगळती किती टक्के धरायची हे काय आवाजी मतदानाने ठरवणार?

बिनखात्याचा मंत्री
'काल एकाने' म्हणजे मीच, नाव घ्या की. तुमचा तो तपशीलच आमच्या खिशात हात घालतो. वीज कायदा 2003, कलम 182 : आयोगाचे विनियम (म्हणजे त्याने केलेले नियम) विधिमंडळासमोर ठेवायचे. ठेवतातही. उघडून कोण बघतं?

रातराणी
विजेचा विषय निघालाच आहे तर स्थिर आकाराबद्दल (वीज वापरा न वापरा, दरमहा लागणारी ठरीव रक्कम) बोला. आमचं गावचं घर फक्त गणपतीत उघडतं. एक युनिट जळत नाही, बिल मात्र दरमहा हजर. स्थिर आकार, वर त्याच्यावर वीज शुल्क. कुठल्या आमदाराला विचारून लावलं?

कायदेभीरू
ताई, वीज शुल्क आयोगाचं नाहीच. ते 2016 च्या राज्याच्या कायद्याने लागतं, तुमच्या आमदारांनीच मंजूर केलेल्या. उलट आयोगाला कलम 64 प्रमाणे दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात. गेलात कधी सुनावणीला?

रातराणी
गेले होते. कुठल्या ते सांगत नाही. पुढच्या रांगांत कंपन्यांचे वकील, प्रत्येकाकडे जाडजूड फाइल. माझं नाव पुकारलं जेवणानंतर, तोवर निम्मा हॉल रिकामा. बोलायला उठले तर 'थोडक्यात सांगा'. कलम 64 छानच आहे हो, फ्रेम करून लावते.

पडीक मीटर
गावचं बंद घर परवडतं त्यांनी स्थिर आकारावर रडू नये. खांब, तारा, रोहित्र बारा महिने उभेच असतात ना?

रातराणी
परवडतं?? सासऱ्यांचं घर आहे, फार्महाऊस नाही. तोंड सांभाळून.

कायदेभीरू
मूळ मुद्द्यावर या. या नियमांना कोर्टाची चाळणी असते. कॉल ड्रॉपला 1 रुपया, दिवसाला जास्तीत जास्त 3, अशी भरपाई ट्रायने 2015 मध्ये ठरवली. मे 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मनमानी म्हणून रद्द केली.

बिनखात्याचा मंत्री
वा! ग्राहकाच्या फायद्याचा एक नियम, नेमका तोच चाळणीत अडकला. आणि कोर्टात गेलं कोण? मोबाइल कंपन्या. वीज आयोगाच्या विनियमांविरुद्ध तर अपिलीय न्यायाधिकरणातही जाता येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या पीटीसी (वीजव्यापार कंपनी) निकालानंतर थेट हायकोर्ट. रातराणीताई तिथे वकील लावणार?

कायदेभीरू
पैशांचा मुद्दा मान्य. नाइलाजाने. पण म्हणून अधिकारच काढून घ्यायचा? त्याच 2016 च्या कॉल ड्रॉप निकालात कोर्टाने संसदेला सुचवलंय की नियम करण्याआधी लोकांशी खुली सल्लामसलत सक्तीची करणारा कायदा करा. ते मागा.

बिनखात्याचा मंत्री
मागू की. फक्त 'सल्लामसलत कशी करावी याचे नियम प्राधिकरण ठरवील' असं त्यात घालू नका म्हणजे झालं.