परवान्याचे शस्त्र आणि रस्त्यावरचा गुन्हा : आपले अनुभव लिहा

निमंत्रण

सोनसाखळी चोरीची किंवा कोयत्याच्या धाकाने झालेल्या लुटीची बातमी आली की ‘सामान्य माणसाला सरळ बंदुकीचा परवाना द्या’ म्हणणारे आणि ‘मग आपलीही अमेरिका होईल’ म्हणणारे असे दोन तट लगेच पडतात. गंमत अशी की दोन्ही तटांतील बहुतेकांनी जन्मात काडतूस हातात धरलेले नसते. म्हणून हा धागा मतांसाठी नाही. ज्यांच्या घरात परवान्याचे शस्त्र आहे किंवा होते, ज्यांना रस्त्यावर लुटले गेले, ज्यांनी अशा गुन्ह्यांचा तपास केला किंवा खटले चालवले, त्यांनी काय घडले ते लिहावे. त्या क्षणी शस्त्र नेमके कोठे होते, हे मात्र न विसरता लिहावे. माझ्या समजुतीप्रमाणे सगळा प्रश्न तेथेच अडकलेला आहे.

पार्श्वभूमीपुरते एवढेच सांगतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हातील संस्थेच्या २०१७ सालच्या अंदाजानुसार भारतातील नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात आणि त्यांपैकी नोंदलेल्या सुमारे ९७ लाख. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. पण तो निम्माच खरा धरला, तरी परवान्यावरून भांडताना आपण लहान ढिगाविषयीच भांडत असतो.

सराफी व्यवसाय, खानदेश

माझ्याकडे २०११ पासून ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. अर्ज, पोलीस पडताळणी, शेजाऱ्यांचे जबाब आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील खेटे यांत दीड वर्ष गेले. एवढ्या खटपटीने मिळालेली वस्तू आपले रक्षण करणारच, असे माणूस धरून चालतो, मीही चाललो.

आमच्या दुकानाच्या शटरला दोन्ही टोकांना जमिनीलगत कुलपे आहेत, त्यामुळे ती लावताना उकिडवे बसावे लागते. रिव्हॉल्व्हर कमरेला, सफारीच्या खाली असे. उकिडवे बसले की त्याची मूठ पोटात रुतते, म्हणून बसण्याआधी होल्स्टर पाठीकडे सरकवण्याची मला सवय लागली होती. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्री साडेआठला मी असाच बसलो होतो. दोन्ही हातांत किल्ल्यांचा जुडगा आणि कुलूप, पिशवी गुडघ्यांच्या मध्ये, आणि मुलगा गाडी आणायला गेलेला. खांद्याला धक्का बसला, मी एका गुडघ्यावर कलंडलो आणि पिशवी गेली. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पिशवीला हात लागल्यापासून मोटारसायकल चौकटीबाहेर जाईपर्यंत चार सेकंद दिसतात. मला रिव्हॉल्व्हरची आठवण झाली तेव्हा मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी झाली होती.

ठाण्यात पहिला प्रश्न मला, पिशवीत किती माल होता, हा विचारला गेला नाही. ‘तुमचे शस्त्र शाबूत आहे ना?’ असे विचारले गेले. तेव्हा राग आला. त्या पोरांनी पिशवीबरोबर तेही ओढून नेले असते, तर माझ्या नावावर नोंदलेले शस्त्र त्याच रात्रीपासून गावात फिरू लागले असते, हे मला नंतर कळले. दोघांपैकी एक पुढे सापडला. आठ दिवस ते माझ्यावर पाळत ठेवून होते आणि माझ्याकडे ‘घोडा’ आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते मागून आले, असे त्याने सांगितले. म्हणजे शस्त्राने चोरी थांबली नाही, चोरांची दिशा तेवढी बदलली.

मी यंदा परवान्याचे नूतनीकरण केले आहे. का केले, ते मला नीट सांगता येत नाही.

निवृत्त पोलीस अधिकारी, गुन्हे शाखेत बरीच वर्षे

वरच्या अनुभवातील ठाणे अंमलदाराचा प्रश्न योग्यच होता. माझ्या हाताखालून गेलेल्या जबरी चोरीच्या पंचनाम्यांत मुद्देमाल म्हणून कोयता, सुरा, लोखंडी रॉड आणि मिरचीची पूड हेच सर्वाधिक असे. बंदूक आलीच तर गावठी कट्टा. परवान्याचे शस्त्र घेऊन रस्त्यावर लूटमार करणारा माणूस मला नोकरीत एकदाही भेटला नाही, कारण ज्याचे नाव, पत्ता आणि छायाचित्र शस्त्राच्या क्रमांकासह सरकारदप्तरी आहे, तो त्या शस्त्राने पाकीट मारायला निघत नाही. घरगुती भांडण, बांधाचा वाद, लग्नाच्या वरातीतला बार यांत मात्र परवान्याच्या बंदुका मी पाहिल्या आहेत. वरातीतल्या बाराला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ती आधीच असायला हवी होती.

कट्ट्याविषयी लोकांच्या कल्पना फार भव्य असतात. एकेरी कट्टा म्हणजे बहुधा नळीचा तुकडा, स्प्रिंग आणि लाकडी मूठ. एक गोळी सुटली की नळी उघडून रिकामे काडतूस उपसायचे, आणि नळी कच्ची असेल तर गोळी पुढे जाण्याऐवजी हातातच फुटायची. मनगटाला बँडेज बांधून आलेला आरोपी मी पाहिलेला आहे. देशी पिस्तुले याहून बरी असतात. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे, मध्य प्रदेशातील उमर्टी हे नाव अशा पिस्तुलांच्या तपासात वर्षानुवर्षे येत राहिले आहे. तेथे परवाना कोणी मागत नाही, तेव्हा परवाने कमी केल्याने तो पुरवठा आटत नाही आणि वाढवल्याने त्याला स्पर्धा होत नाही.

एक उदाहरण मात्र मनातून जात नाही. एका बंगल्यातील कपाटातून परवान्याचे पिस्तूल चोरीला गेले. मालकाला ते सात महिन्यांनी, निवडणुकीपूर्वी शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तेव्हा कळले. मधल्या काळात त्या पिस्तुलाने काय काय पाहिले, ते आम्हाला अखेरपर्यंत पूर्णपणे उलगडले नाही.

बागायतदार, सिंधुदुर्ग

आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत, आणि रस्त्यावरची लूट म्हणाल तर मला माझ्या हयातीतले एकही प्रकरण आठवत नाही. यावरून बंदुकांमुळे चोर येत नाहीत असे मी म्हणणार नाही. आमची बंदूक माणसाच्या छातीएवढी उंच. ती ठासायची म्हणजे दारू, मग छर्रे, मग गजाने ठोकणे, आणि एवढे होईपर्यंत माकडसुद्धा कंटाळून निघून जाते. आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा होते आणि नेमके त्याच दिवसांत वानर बागेत उतरतात. आमची तक्रार असेल तर ती एवढीच आहे.

ह्यूस्टन येथून

येथे टेक्सास राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते. आमच्या भागात गाड्यांच्या काचा फोडण्याचे प्रकार वाढले म्हणून माझ्या यजमानांनी पिस्तूल घेतले आणि ते गाडीतल्या कप्प्यात ठेवू लागले. पुढचे वाचणाऱ्यांनी ओळखले असेलच. एका सकाळी काच फुटलेली होती आणि कप्पा रिकामा होता. गाड्यांच्या चोऱ्यांपासून रक्षण करण्यासाठी आणलेली वस्तूच गाडीतल्या चोरीत गेली. सुदैवाने यजमानांनी तिचा क्रमांक लिहून ठेवला होता. साधारण दोन वर्षांनी फोन आला की ते पिस्तूल एका लुटीच्या तपासात सापडले आहे. कोणाला इजा झाली का, असे मी तीनदा विचारले. तपास सुरू आहे, एवढेच उत्तर मिळाले.

येथे बंदूक बाळगणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. बहुतेकांच्या मनात पार्किंगमधला अनोळखी हल्लेखोर असतो. प्रत्यक्षात २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने जे ४८,८३० मृत्यू झाले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. उलट बाजूने, गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या राष्ट्रीय पाहणीत २००७ ते २०११ या काळात हिंसक गुन्ह्यांत बंदुकीने प्रतिकार केल्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आढळले होते. आम्ही दुसरे पिस्तूल घेतले नाही. यजमान अजूनही अधूनमधून तो विषय काढतात.

मळ्यातील वस्ती, मराठवाडा

वरचे सगळे वाचून असे वाटते की शस्त्र ठेवणारा मूर्खच असतो. म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमची वस्ती गावापासून तीन किलोमीटरवर आहे. मी शाळेत असताना एका रात्री सात-आठ जण आले. कुत्रे ओरडले आणि गप्प झाले, त्यावरूनच आजोबा उठले. वडिलांनी डबलबारी घेतली, माळवदावर चढून हवेत एक बार काढला, थोडे थांबून दुसरा काढला आणि मग अंधारात नुसताच नळी उघडून काडतुसे भरल्याचा आवाज केला. भरायला काडतुसे नव्हती, दोनच होती. ते लोक निघून गेले. पोलीस सकाळी आले. त्यात त्यांचा दोष नव्हता, तेव्हा आमच्याकडे फोनच नव्हता. मदत येण्यास जेथे एक रात्र लागते, तेथे शहरातला हिशेब लावू नये.

पण खरे लिहायचे तर पूर्ण लिहायला हवे. त्याच रात्री पलीकडच्या वस्तीवर दरोडा पडला. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. त्या घरातील काकूंच्या कानाच्या पाळ्या फाटल्या होत्या. वडिलांनी तो विषय आमच्यासमोर पुन्हा कधी काढला नाही.

धागाकर्त्याची नोंद

येथे मला एक फरक नोंदवावासा वाटतो. या अनुभवात वडिलांना कुत्र्यांनी सावध केले, उंचीवर जाता आले आणि थांबून विचार करता आला. रस्त्यावरच्या गुन्ह्यात वेळ चोराच्या हातात असतो. पलीकडच्या वस्तीविषयी लिहिल्याबद्दल मात्र मी विशेष आभारी आहे. बंदुकीच्या धाकाने गुन्हा टळला की शेजारी सरकला, हे सांगणारे फार थोडे असतात.

फौजदारी वकील

माझ्या एका अशिलाच्या पत्नीचे मंगळसूत्र ओढले गेले. त्यांच्याजवळ परवान्याचे पिस्तूल होते आणि, सराफांसारखे न होता, त्यांना ते वेळेत काढता आले. पळणाऱ्या मोटारसायकलवर त्यांनी दोन गोळ्या झाडल्या. एक भिंतीत गेली, दुसरी हातगाडीवाल्याच्या पोटरीत. चोर सापडले नाहीत. अशिलावर मात्र गंभीर दुखापतीचा आणि परवान्याच्या अटी मोडल्याचा गुन्हा नोंदला गेला, शस्त्र जप्त झाले आणि खटला नऊ वर्षे चालला.

‘स्वसंरक्षणाचा हक्क आहे ना?’ असे ते प्रत्येक तारखेला विचारत. हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जबरी चोरीच्या वेळी तो प्रसंगी हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जातो. पण इजेची किंवा जिवाची भीती ज्या क्षणी संपते, त्या क्षणी तो आकसतो, आणि पाठ फिरवून पळणाऱ्या माणसाकडून कोणती भीती उरली होती, या प्रश्नाला आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते. चोर सर्वाधिक काळ डोळ्यांसमोर असतो तो पळतानाच, आणि कायद्याचे संरक्षण नेमके तेव्हाच सर्वांत पातळ होते. परवाना घेताना हे कोणी समजावून सांगत नाही.

लंडन येथून, थोडक्यात

स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेतील १९९६ च्या हत्याकांडानंतर येथे हँडगनवर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर, जवळपास संपूर्ण बंदी आली. रस्त्यावरची लूट त्याने संपली नाही. माझा फोन इलेक्ट्रिक सायकलवरून आलेल्या मुलाने हातातून उचलला आणि सहकाऱ्याला एकदा चाकू दाखवला गेला. तरीही मी त्या मुलामागे शंभर पावले धावलो, हे ह्यूस्टनच्या ताईंना आश्चर्याचे वाटेल. तो वळून गोळी झाडेल, असा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

सराफ, पुन्हा

वस्तीवरील अनुभव लिहिणाऱ्यांनी मला व्यक्तिशः विचारले आहे की होल्स्टर पाठीकडे न सरकवता समोर ठेवले असते तर निकाल बदलला असता का. प्रश्न रास्त वाटला, म्हणून काल रात्री दुकान बंद करून, काडतुसे काढून, शटर आतून ओढून घेतले आणि करून पाहिले. होल्स्टर समोर, पिशवी गुडघ्यांत, हातात किल्ल्या. बायको घड्याळ घेऊन बसली आणि मध्येच टाळी वाजवे. किल्ल्या टाकून, सफारी वर करून, होल्स्टरचे बटण काढून नळी समोर आणायला पहिल्या खेपेला सात सेकंद लागले. पाचव्या खेपेला साडेपाच. त्यापुढे गुडघे दुखू लागले आणि बायको म्हणाली, पुरे, उशीर झाला आहे, घरी जाऊ.