ब विंगचा ग्रुप: सोहमच्या महाविद्यालयाचा पहिला आठवडा

टिळक काकू, ब-४०२: सर्वांना नमस्कार. हा विषय सोसायटीच्या ग्रुपवर मांडू नये असे यांचे म्हणणे होते, तरीही मांडते, कारण आपल्या इमारतीतील आणखी मुले त्याच महाविद्यालयात आहेत. सोहमला वसतिगृहावर सोडून आम्ही रविवारी परतलो. दिवसाचा इंडक्शनचा, म्हणजे नवागतांच्या परिचयाचा, कार्यक्रम उत्तम चालू आहे. सकाळी योगासने, मग मानवी मूल्यांचे तास, कार्यशाळेची ओळख आणि काल गावाच्या जलशुद्धीकरण केंद्राला भेट. परंतु रात्री जेवणानंतर सीनियर मुले ‘इंट्रो’साठी खोलीवर बोलावतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवावयास सांगतात, सगळ्या सीनियरांची नावे, गावे आणि शाखा पाठ म्हणवून घेतात आणि एक नाव चुकले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयास लावतात. त्यासाठी त्यांनी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आहे. कोणास अनुभव असल्यास कृपया सांगावे.

सबनीस, ब-६०१: वहिनी, आमचा ओंकार तिथेच तिसऱ्या वर्षाला आहे, हे आपण जाणताच. परिचय करून घेणे म्हणजे छळ नव्हे. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात, ते आपण नीट वाचले होते का?

पाटील काका, ब-१०३: आमच्या वेळी मला टेबलावर उभे करून आकाशवाणीच्या बातम्या वाचावयास लावल्या होत्या. मान्सून केरळात दाखल झाल्याचे मी डिसेंबरात जाहीर केले होते.

नेने मॅडम, ब-२०२: काका, विनोद बाजूला ठेवू या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७-१८ पासून तीन आठवड्यांचा हा परिचय-कार्यक्रम आणला, तो नवागत मुलांना शिक्षकांचा आणि वातावरणाचा आधार वाटावा म्हणून. मुलांचे लहान गट करून प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक शिक्षक देतात. सोहमने त्यांच्या कानावर घातले आहे का?

टिळक काकू, ब-४०२: तो घाबरतो. सांगितले तर चार वर्षे लक्षात ठेवतील, असे त्याला वाटते. गणपतीला घरी येतो म्हणाला आणि फोन ठेवला.

सचिव: गणपतीचा विषय निघालाच आहे, तर वर्गणी अद्याप निम्म्या घरांकडून यावयाची आहे. पावतीपुस्तक सबनीस साहेबांकडे आहे.

सबनीस, ब-६०१: मी पुन्हा नम्रपणे विचारतो की प्रतिज्ञापत्र वाचले होते का? मुले थोडी कणखर व्हावयास हवीत. घरी पाण्याचा पेलाही हातात मिळाला, तर पुढे अवघड जाते.

टिळक काकू, ब-४०२: पेल्याचे आम्ही पाहून घेऊ. गेल्या वर्षी याच महाविद्यालयाची शिफारस आपण जिन्यात थांबवून केली होती, हे मात्र आठवते.

वैद्य वकील, ब-५०४: प्रश्न कायद्याचा आहे, म्हणून लिहितो. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करावयाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार नवागतांची राहण्याची सोय शक्यतो वेगळ्या इमारतीत असावी आणि रात्री अचानक फेऱ्या व्हाव्यात, अशी अपेक्षा आहे. शिवाय नवागतांना त्रास देण्यासाठी सीनियरांनी काढलेले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही रॅगिंगच समजावेत, असे आयोगाने २०२५ मध्ये संस्थांना कळवले आहे. नाव न सांगताही १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पाटील काका, ब-१०३: म्हणजे माझे बातमीपत्रही गुन्ह्यात मोडले असते. तेव्हा आम्ही हसून घेतले, पण खोलीतला एक मुलगा दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही, हेही खरे.

सबनीस, ब-६०१: वकीलसाहेब, सर्व मान्य. माझा मुद्दा एवढाच आहे की प्रतिज्ञापत्र वाचून सही करावी.

वैद्य वकील, ब-५०४: ते प्रतिज्ञापत्र केवळ नवागतांचे नसते, प्रत्येक विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी ते दरवर्षी भरावयाचे असते. तेव्हा ओंकारच्या कागदावर यंदाही आपलीच सही असणार.

टिळक काकू, ब-४०२: विषय निघालाच म्हणून सांगते. सोहमने त्या ग्रुपचे चित्र पाठवले आहे. त्यातील अ‍ॅडमिनपैकी एक क्रमांक आमच्या फोनमध्ये आधीच साठवलेला निघाला. मागील गणपतीत आरतीची वेळ विचारावयास घेतला होता.

सबनीस, ब-६०१ यांनी हा संदेश हटवला आहे.

नेने मॅडम, ब-२०२: काकू, ते चित्र जपून ठेवा आणि मार्गदर्शक शिक्षकांना आजच फोन करा. सोहमने स्वतः बोलण्याची वाट पाहू नका.

सबनीस, ब-६०१: ओंकारशी बोलणे झाले. त्याने तो ग्रुप सोडला आहे. तो ग्रुप त्याने काढलेला नव्हता, केवळ नावे जोडण्याचे काम त्याच्याकडे होते. यावर ग्रुपवर अधिक चर्चा नको, ही विनंती.

टिळक काकू, ब-४०२: शिक्षकांना फोन केला. रात्री वॉर्डन फेरी घेणार आहेत आणि पहिल्या वर्षाच्या मजल्यावर रखवालदार बसवणार आहेत. सचिव महोदय, पावतीपुस्तक कृपया आपल्याकडे घ्यावे; आमची वर्गणी यंदा आपल्याच घरी आणून देऊ.